ऑर्गनवाल्या सरांची मान

उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर चामखीळ आली नसती, तर इदवाल प्रिदर्क सर औषधाच्या दुकानाची पायरीही चढले नसते. वय एकाहत्तर, आणि आजारपण हा रिकामटेकड्या लोकांचा उद्योग आहे असं त्यांचं ठाम मत. पण वेल्समधल्या पेंत्रेगार्थ गावाच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, ते एकोणचाळीस वर्षं ऑर्गन वाजवत होते आणि ही चामखीळ नेमकी बोटाच्या पेरावर. पट्टीवर बोट पडलं की कळ थेट कोपरापर्यंत जायची. मे महिन्यात पंचक्रोशीतली सगळी चॅपलं एकत्र जमून दिवसभर गाणार होती. तिथे एक सूर चुकला असता तरी अख्ख्या वेल्समध्ये तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं निदान सरांना तरी वाटत होतं.

दुकानात दर गुरुवारी चामखिळी आणि मस गोठवून मिळत. फार्मासिस्ट मायनिर ही सरांचीच जुनी विद्यार्थिनी. सात वर्षं पियानो शिकली आणि शेवटपर्यंत ताल काही तिला सापडला नाही.

"हात टेबलावर ठेवा सर. अजिबात हलायचं नाही."

"हे वाक्य माझं होतं."

"हो, आणि पाठोपाठ फूटपट्टी यायची. मी नुसतं गारठवणार आहे."

नायट्रोजनचा बारीक फवारा फुसफुसला आणि बोट पांढरंफटक पडलं. सरांनी 'आई गं' म्हणत डोळे मिटले, मान खाली घातली. मफलर घसरला. मायनिरने नळी बाजूला ठेवली आणि ती त्यांच्या मानेवर वाकून बघू लागली.

"झालं का?" सरांनी विचारलं.

"बोटाचं झालं. तुम्ही जरा तसेच बसा." तिने मफलर पूर्ण काढला, मानेला काहीतरी थंडगार भिंग टेकवलं आणि फोटो काढला. मग संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

पडद्यावर एक काळपट डाग होता. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला निळसर झाक, जणू शाई पसरली होती. सरांना वाटलं, आधीच्या कुणाचा तरी फोटो उघडा राहिला असेल.

"कुणाचं गं हे? बिचारा!"

"तुमचं आहे, सर. मानेवर, केस संपतात तिथे."

 सरांचा हात आपोआप मागे गेला, बोटांना खरंच काहीतरी खडबडीत लागलं, आणि विस्तव लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला. आपल्याच अंगावर, आपल्याला न विचारता, हे काय येऊन बसलं?

"मग गोठव ना तेही. आलोच आहे तर."

"नाही सर. काळ्या रंगाचं काहीही तज्ज्ञांनी बघितल्याशिवाय मी गोठवत नाही. वरचं जळून जातं, आणि आत काय चाललंय ते मग कुणालाच कळत नाही." सात वर्षांत एकदाही ती सरांशी इतक्या ठामपणे बोलली नव्हती.

फोटो त्वचातज्ज्ञाकडे गेला. साडेचारला मायनिरचा फोन आला. कॅन्सर असू शकतो, मंगळवारी मोठ्या हॉस्पिटलात जायचं. आणि एक फॉर्म भरून न्यायचा: डाग कधी दिसला, किती वाढला, रंग कधी बदलला. "नीट आठवून लिहा, सर. हळूहळू वाढलाय की झपाट्याने, ते त्यांना हवंय."

आठवायचं काय, कपाळ? स्वतःची मान कोण बघतो? बायको, लावरी, असती तर तिने पहिल्याच दिवशी पकडलं असतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि घरात एकच आरसा होता, तोही दाढीपुरता. फॉर्म रात्रभर कोराच राहिला.

शुक्रवारी सकाळी ते हेडन न्हाव्याकडे गेले. दर सहा आठवड्यांनी तोच त्यांचे केस कापायचा.

"हेडन, माझ्या मानेवर काही दिसतं का रे तुला?"

हेडन कात्री पुसत राहिला. "मी त्याच्या कडेकडेने कापतो, सर. फार जपून. आजवर एकदाही धक्का लागू दिला नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असणारच. आणि गिऱ्हाइकाच्या अंगावरचं काही बोलून दाखवायचं म्हणजे... बरं नाही ना दिसत."

हाच हेडन रग्बीवर, सुनेवर, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर तास तास बोलायचा! सर खुर्चीतून तसेच उठले, केस न कापता. रस्त्यात ते थबकले. हेडनला सहा आठवड्यांतून एकदा दिसत होतं. चॅपलमध्ये ऑर्गन भिंतीला लावलेला, वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे. लोकांना तर दर रविवारी दिसत असणार.

रविवारी दुसरं गीत संपलं आणि सर स्टुलावर गर्रकन उलटे वळले. समोर एकतीस माणसं. या जागेवरून त्यांचे चेहरे सरांनी कधी बघितलेच नव्हते.

"माझ्या मानेवर एक डाग आहे," ते म्हणाले.  "मंगळवारी हॉस्पिटलात जायचंय. कॅन्सर असू शकतो. तो कधीपासून आहे हे डॉक्टरांना हवंय आणि मला ठाऊक नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा." त्यांनी खिशातून फॉर्म आणि पेन्सिल काढली.

कुणीतरी खोकलं. मग मागून एक बारीक आवाज आला, "गेल्या सप्टेंबरात, सुगीच्या उपासनेला तपकिरी होता."

"गेल्या नाही, त्याच्या आदल्या. मी तेव्हा नवीन हॅट घातली होती."

"तेव्हा मिरीएवढा होता. फुगला तो नाताळात."

"नाताळात कसा दिसेल? सरांनी मफलर घातला होता. इस्टरला फुगला."

"आणि निळा?"

"निळ्याचं मला विचारू नका, मी डावीकडे बसते."

"निळा फेब्रुवारीत झाला. मी घरी येऊन ह्यांना म्हटलंसुद्धा."

बाकाबाकांवरून वाद रंगला. एकाने तर गीतपुस्तकाच्या पाठीवर तेव्हाचा आकार काढून दाखवला. सर भराभर लिहीत होते. फॉर्मच्या रकान्यांत जागा पुरेना. हळूहळू त्यांची पेन्सिल थांबली.

"दीड वर्ष," ते म्हणाले. "दीड वर्ष तुम्ही सगळे बघताय. एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

 उपासना घेणारे पाळकसाहेब बुटांकडे बघत राहिले. शेवटी पहिल्या बाकावरच्या बेबबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. वय शहाऐंशी, सरांच्या लग्नात केक त्यांनीच केला होता.

"असं नको रे बोलूस, इदवाल. आम्ही काय स्वस्थ बसलो होतो? दर बुधवारच्या प्रार्थनेत तुझं नाव घेत होतो. एक बुधवार चुकवला नाही."

बुधवारी सर दुसऱ्या गावी गायकांची तालीम घ्यायला जात. प्रार्थनेला ते कधीच नसत.

"देवाला सांगत होता?"

"मग! आणखी कुणाला सांगायचं?"

"मला, बेबबाई! देवाला ते दिसतच होतं. दिसत नव्हतं ते एकट्या मला."

बेबबाईंचा चेहरा पडला. त्या मटकन खाली बसल्या. त्यांना काय चुकलं ते आत्ता, सगळ्यांसमोर, कळलं होतं आणि ते बघवत नव्हतं. पाळकसाहेबांनी घसा खाकरून पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. एकतीस माणसं पुस्तकं हातात घेऊन उभी राहिली आणि थांबली. सर फॉर्म छातीशी धरून तसेच बसून होते. ऑर्गनकडे वळायचं तर या लोकांकडे पाठ करावी लागणार होती, आणि ते त्यांच्याने होईना.