सेऊलचं विमान आणि माझी बेरीज

सेऊल ते मुंबई अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटर आहे आणि विमानाला नऊ तास लागतात. ही माहिती मला कोणी विचारली नव्हती. मीच हौसेने शोधून काढली, आणि तिथेच घात झाला.

आमचे वडील, अण्णा, पहाटे गेले. घाटकोपरच्या घरात मी, बायको सुषमा आणि अण्णांच्या आजारपणासाठी गावाहून आलेली आत्या. धाकटा भाऊ संदीप नोकरीला सेऊलला. फोनवर तो एवढंच म्हणाला, "दादा, मी येईपर्यंत नेऊ नकोस. एकदा तोंड बघू दे." मी शब्द दिला. तासाभरात त्याने तिकिटाचा फोटो पाठवला: दुपारी एकला सुटणार, साडेसहाला मुंबई. त्यानंतर त्याचा फोन लागेना.

अण्णांना बर्फाच्या पेटीत ठेवलं आणि मी डोकं चालवायला बसलो. (दुःखात असलेल्या माणसाच्या हातून फोन काढून घ्यावा.) एक ते साडेसहा म्हणजे साडेपाच तास. पण प्रवास तर नऊ तासांचा! मधले साडेतीन तास गेले कुठे? मग डोक्यात उजेड पडला. कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. तिकीटवाले तेवढे तास धरायला विसरले होते. मी ते साडेसहात मिळवले आणि जाहीर केलं, "संदीप रात्री दहाला उतरतोय."

"अहो, तिकिटावर साडेसहा लिहिलंय ना?" सुषमा म्हणाली. "माझी ताई दुबईहून आली तेव्हा उतरायची वेळ इथलीच होती."

"दुबई जवळ आहे गं."

यावर ती गप्प बसली. लग्नाला वीस वर्षं झाली की बायका गप्प बसतात, पटलं म्हणून नव्हे.

दहाला उतरणार म्हणजे घरी यायला साडेअकरा. आत्याने ऐकलं मात्र, "रातभर वाट बघतलंस? दिस बुडाच्या आत काय ता कर." शेजारच्या काकांनीही मान हलवली. ("साडेसहाला येणार असता तर थांबलो असतो रे," असंही म्हणाले.) साडेपाचला आम्ही अण्णांना नेलं. अग्नी मी दिला.

परत येऊन दारात कडुलिंबाचं पान चावत होतो, तोच लिफ्ट उघडली. पावणेआठ वाजले होते. समोर संदीप. पाठीवर नुसती सॅक. बॅगेसाठी खोळंबायला नको म्हणून त्याने सामान आणलंच नव्हतं.

"अण्णा कुठायत?"

त्याने आमचे ओले केस पाहिले आणि त्याला कळलं.

"किती वाजता नेलंत?"

"साडेपाचला."

"तेव्हा मी नागपूरच्या वर होतो, दादा. समोरच्या पडद्यावर नकाशा दिसत होता."

मला त्याला पोटाशी धरायचं होतं, त्याच्या पाया पडायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर, "म्हणजे विमान अगदी वेळेवर होतं."