पाहुणा म्हणून ये

दुपारचे बारा वाजले की आमच्या आवारातली भांडणंसुद्धा थांबायची. सुरिनामच्या रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचायची ती वेळ. आधी ऑर्गनचे सूर, मग त्या बाईचा संथ आवाज. कोण गेलं, लोक त्याला लाडाने काय म्हणायचे, मागे मुलं कोण, नातवंडं कोण, त्यांतलं कोण इथे आणि कोण हॉलंडला. फिलिपिना एसायास तेव्हा खळीच्या टोपात कोपरापर्यंत हात घालून बसलेली असायची, आणि हात तसेच ठेवून ऐकायची.

"गोंडा, हिच्या धाकट्याचं नाव गाळलं बघ," ती मला म्हणायची. "माझ्या वेळी असं काही झालं तर पेटीतून उठून येईन."

"ये की. चहा टाकते," मी म्हणायची.

आम्ही दोघी समोरासमोरच्या दारात म्हाताऱ्या झालो. मी फटकळ, ती हट्टी, त्यामुळे आवाराला करमणूक कधी कमी पडली नाही. पिनाचा धंदा रुमालांचा. सणाला, लग्नाला, मयताला आमच्या बायका डोक्याला जे रुमाल बांधतात, ते ती कसाव्याच्या खळीत बुडवायची, वाळवायची, कडक इस्त्री करायची आणि टाचण्या लावून घडी बसवायची. प्रत्येक घडीला नाव असतं. 'बोलेनात का लोक' नावाची एक घडी आहे, ती पिना स्वतः बांधायची. चर्चला जाताना ती दिसली की पाद्रीबाबासुद्धा वाट सोडायचे.

एकोणीस वर्षांची असताना तिला मूल झालं. बाप कोण ते तिने कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही, आणि मी काही कमी खोदून विचारलं नाही. थोरली बहीण अलिदा लग्न झालेली, पदरात मूल नाही. तेव्हा पिनाने रूबेनला तिच्या पदरात घातलं. बहिणीचं मूल बहिणीने वाढवणं आमच्यात रोजचंच आहे. मूल एका घरात जेवतं, दुसऱ्या घरात झोपतं, आणि आई कोण ते गल्लीतल्या कोंबड्यांनाही माहीत असतं.

पण अलिदाच्या नवऱ्याने एक पाऊल पुढे टाकलं. जन्म नोंदवायला तोच गेला, आणि मुलगा आपला आणि अलिदाचा म्हणून लिहून आला. पोराला बापाचं नाव मिळेल, शाळेत कुणी हिणवणार नाही, म्हणून पिनानेही मान हलवली. मूल तर शेजारच्याच दारात होतं, रोज तिच्याच हातून खात होतं. कागदावर काय लिहिलंय याने काय बिघडतं, असं तिला वाटलं. त्या काळी पारामारिबोत आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं.

मग डचांपासून स्वातंत्र्याचं वर्ष आलं. तो दिवस उजाडताना जो तिकडे असेल तो डच, जो इकडे असेल तो सुरिनामी. अर्धं गाव विमानात चढलं. अलिदा, तिचा नवरा आणि चार वर्षांचा रूबेन त्यातलेच. "मागोमाग तुला बोलावून घेते," अलिदा झांडेराइच्या विमानतळावर म्हणाली. नंतर तिकडचं दार आम्हाला बंद झालं आणि पिना इथेच राहिली. ती रडली का ते मला माहीत नाही. ती रुमाल धूत होती, आणि तिचं तोंड ओलंच असायचं.

पुढे नियम उलट्या बाजूनेही आले. डच पासपोर्टवाल्याला आमच्याकडे यायचं तर व्हिसा लागायचा. मग व्हिसाच्या जागी पर्यटकाचा कागद आला. विमानतळावर रांगा दोन, एक आपल्यांची, एक परक्यांची. ज्यांची नाळ आमच्या आंब्याखाली पुरली आहे ती माणसं परक्यांच्या रांगेत उभी राहायची. बिचाऱ्यांची गंमतच होती, तिकडे कातडीवरून परके, इकडे पासपोर्टवरून.

रूबेन मोठा झाल्यावर दोनदा आला. एकदा एकटा, एकदा बायकोला घेऊन. दोन्ही वेळा पिनाने खोबरं-कसाव्याचा बोयो भाजला, खारवलेला मासा केला, आणि तो "मावशी, अजून वाढ" म्हणाला की वाढत राहिली. तो गेल्यावर ती त्याची ताटली घासायला घ्यायची आणि बराच वेळ घासत बसायची. मी माझं दार ओढून घ्यायची.

खरं काय ते त्याला अलिदाने सांगितलं, मरताना, हॉलंडच्या इस्पितळात. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. पिना दारात उभी होती. तिकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण तिने फोन ठेवला, हात पुसले आणि इस्त्री झालेले सगळे रुमाल उचलून पुन्हा खळीत बुडवले.

"अगं, झालेत ते," मी म्हटलं.

"आई म्हणाला मला," ती म्हणाली. "फोनवर. आई, कशी आहेस, म्हणाला."

त्या दिवसापासून ती हट्टाला पेटली. आता येईल तो माझा मुलगा म्हणून येईल. रूबेन समजावून थकला. फोनचा आवाज मोठा करून ती मलाही ऐकवायची, म्हणजे नंतर भांडायला सोबत.

"आई, दोन वाटा आहेत. जन्माचा दाखला दाखवला की मूळ तिथलंच म्हणून वेगळा कागद देतात. नाहीतर पर्यटकाचा. तो तर इथे विमानतळावरच मिळतो."

"दाखल्यावर आई कोण?"

"तुला माहीत आहे."

"मग तो दाखला घेऊन अलिदाकडे जा. ती तिथेच पुरलेली आहे."

"बरं, मग पर्यटकाचा घेतो."

"पर्यटकांना नदीकाठी हॉटेलं आहेत. माझ्याकडे खाट एकच."

त्याने वकील केला. चूक इथल्या नोंदीतली, माणूस तिथला. तिकडचे म्हणायचे इकडून दुरुस्त करून आणा, इकडचे म्हणायचे तिकडून लिहून आणा. बाप म्हणून ज्याचं नाव होतं तो मेलेला, आई म्हणून जिचं नाव होतं ती मेलेली, सुईण तर केव्हाच मेलेली. साक्षीदार म्हणून मी एकदा गेले. टेबलामागचा पोरगा म्हणाला, "आजी, तुमच्याकडे लेखी काही आहे का?" मी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर्षं अशीच गेली.

मी पिनाशी भांडले. मनापासून, आवाराला ऐकू जाईल असं. "तुला पोर पाहिजे की शिक्का?"

"दोन्ही. दोन्ही माझंच आहे."

"येऊ दे ना कसाही. तुझ्या हातचं खाईल, आंब्याखाली बसेल. कागद काय दारावर डकवणार आहेस?"

तिने इस्त्री उभी केली. "गोंडा, दोनदा तो भाचा म्हणून आला. दोनदा मी मावशी होऊन त्याला वाढलं. तिसऱ्यांदा माझ्याने नाही व्हायचं."

मला अजूनही तिचा राग येतो.

मग रक्तातल्या साखरेने तिचा पाय खाल्ला. आधी जखम, मग चालणं बंद, मग छातीत पाणी. बोटं सुजली, टाचणी धरता येईना. बायका रुमाल घेऊन यायच्या आणि तिला पाहून तसेच परत न्यायच्या. इस्पितळातून तिला घरी आणलं ते बरी झाली म्हणून नव्हे, हे तिलाही कळत होतं. एका सकाळी मी तिचं अंग पुसत होते तेव्हा ती म्हणाली, "फोन लाव त्याला."

लावला. तिला धाप लागली होती, म्हणून बोलायचं माझ्यावर आलं.

"सांग त्याला," ती म्हणाली, "पाहुणा म्हणून ये. भाचा म्हणून ये. चोर म्हणून ये. पण ये."

मी तसंच्या तसं सांगितलं. तिकडे रूबेन नाक ओढताना ऐकू आला. पन्नाशीला टेकलेला माणूस. मग "येतो, काकू" म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्याने पर्यटकाच्या कागदाचा फोटो माझ्या फोनवर पाठवला. पिनाने चष्मा मागितला. फोन जवळ धरून बराच वेळ पाहिला.

"एवढंच असतं?"

"एवढंच."

"किती सोपं होतं," ती म्हणाली, आणि चष्मा काढून मला परत दिला.

विमान रोज नसतं. गुरुवारची जागा मिळाली. ते दिवस पिनाने मला नाचवलं. कसावा किसून घेतला, खोबरं जाड झालं म्हणून पुन्हा किसायला लावलं. लाल चौकड्यांचा रुमाल काढायला लावला, खळ कमी पडली म्हणून शिव्या दिल्या. बुधवारी मला म्हणाली, "तो आला की पहिलं जेवायला वाढ. बोलणं नंतर." मग म्हणाली, "आई म्हणेल ना गं समोरासमोर? फोनवर म्हणणं वेगळं."

"म्हणेल. न म्हणाला तर कान उपटते."

गुरुवारी सकाळी मी तिच्यासाठी पेज घेऊन गेले तेव्हा ती गेलेली होती. अंग अजून गरम होतं. रुमाल उशाशी होता. मी पेजेची वाटी खाली ठेवली आणि तिच्या खाटेवर बसून मोठमोठ्याने रडले. एक दिवस, एकच दिवस थांबली असतीस तर तुझं काय जात होतं, असं मी तिला बोलत होते. शेजारच्या बायकांनी मला उठवलं. रूबेन तेव्हा समुद्रावर कुठेतरी विमानात होता. त्याला कळवणार कसं?

अंघोळ घालणाऱ्या बायकांना निरोप धाडून मी रेडिओच्या कचेरीत गेले. पिनाने मजकूर केव्हाच तोंडपाठ करून घेतला होता माझ्याकडून. खिडकीतल्या मुलीने लिहून घेतला. "मागे कोण?" तिने विचारलं. "मुलगा रूबेन," मी म्हटलं. तिने लिहिलं. पुरावा मागितला नाही, दाखला मागितला नाही. आम्ही सांगू ते ती लिहिते आणि गाव ते ऐकतं. "आजचं दुपारचं, संध्याकाळचं दोन्ही भरलंय. कुणाचं गळलं तरच आज, नाहीतर उद्या दुपारी वाचू," ती म्हणाली. मला बरंच वाटलं. त्याला घरी नेईन, खाटेवर बसवीन, पाणी देईन, आणि मग सांगेन, असं ठरवून मी झांडेराइला निघाले. नेहमीचा गाडीवाला नव्हता म्हणून नाक्यावरच्या पाइमानची गाडी केली. जावा बेटावरून इथे आलेल्या लोकांतला, सज्जन माणूस, पण आमच्या गल्लीची त्याला काही खबर नव्हती.

रूबेन परक्यांच्या रांगेतून आला म्हणून उशिरा बाहेर पडला. दाढी पांढरी झालेली. चालणं थेट पिनाचं, लांब टांगांचं, घाईचं. मला मिठी मारून त्याने पहिलं विचारलं, "कशी आहे?"

"चल, गाडीत बस आधी," मी म्हटलं. "रस्ता लांब आहे."

तो खूश होता. गाडीत बोलतच राहिला. "काकू, तो शिक्के मारणारा विचारतो, कशासाठी आलात? मी म्हटलं, आईला भेटायला. तो म्हणतो, कागदावर पर्यटक लिहिलंय. मी म्हटलं, लिहिलं असेल. आईला भेटायला आलोय. तर हसला आणि म्हणाला, मग या घरी." रूबेन खिडकीबाहेर बघत होता. "आईला सांगतो. तिला आवडेल हे."

मी मान हलवली. तेवढ्यात पाइमानने रेडिओचा आवाज वाढवला, आणि ऑर्गनचे सूर आले. संध्याकाळचं वाचन.

"बंद कर रे जरा," मी म्हटलं.

"मावशी, नावं मध्येच तोडायची नसतात," तो हळूच म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. आमच्याकडे कुणीच तोडत नाही. आणि उद्याचं म्हणाली होती ती मुलगी.

आधी एका म्हाताऱ्याचं नाव वाचलं, कोमेवेइने जिल्ह्यातल्या. मग ती बाई म्हणाली, "फिलिपिना एसायास, सर्वांची लाडकी पिना, रुमालवाली, आज सकाळी आपल्या घरी शांतपणे गेली. मागे तिचा मुलगा रूबेन."

नंतर दुसरं नाव सुरू झालं. पाइमानने आरशात माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि गाडी कडेला घेऊन थांबवली. मी रूबेनचा हात धरला. माफ कर म्हणावं, घरी सांगणार होते म्हणावं, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो रेडिओकडे बघत होता. सगळी नावं संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला, आणि आम्हीही.

ऑर्गन थांबला तेव्हा तो पुढे वाकला.

"हे पुन्हा कधी वाचतात?" त्याने पाइमानला विचारलं.

"उद्या दुपारी, साहेब. बारा वाजता."

"असंच? मुलगा म्हणून?"

"असंच," पाइमान म्हणाला.