आडवी टाकलेली मोटार

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. तशी मी पुष्कळ बोलते. वडिलांनी छापलेली पत्रकं वाचतच मोठी झाले, आता स्वतः लिहिते — पण ही एक गोष्ट जिभेवर आली की मी दुसरंच काहीतरी बोलू लागते.

आमचं गाव काष्टीच्या पलीकडे, भीमेच्या काठी. पहाटे तिथे पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. त्या धुक्यातून दादाची नाव यायची आणि मागे, नावेला लावलेल्या मोटारीचा दांडा धरून, वहिनी बसलेली असायची. बाईने मोटार का चालवू नये — यावर मीच दादाशी भांडले होते. अजून डोळे मिटले की ती दिसते. पदर खोचलेला, नजर लांब. जणू पाणीच तिला वाट काढून देतंय.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मोटार उतरवून शेडमध्ये ठेवायची. त्या वर्षी दादा तापाने पडला होता, म्हणून काम मी मागून घेतलं. त्याने खाटेवरूनच सांगितलं — पिंपातल्या स्वच्छ पाण्यात चालव, पेट्रोलची नळी काढ, आपोआप बंद पडू दे, मग लाकडी घोडीवर उभी कर. "आडवी टाकू नगं. पंख्याकडचं पानी इंजिनात उतरतं."

मला नगरला सभेला जायचं होतं. एसटी चुकेल म्हणून मी ती पोत्यांवर आडवी टाकली, इंजिन खाली, पंखा वर. त्यावर ताडपत्री. आल्यावर उभी करू, म्हटलं. आणि विसरले.

पाणी उशिरा चढलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी ताडपत्री उचलली, तर मोटार तशीच पडलेली. मी ती गुपचूप घोडीवर चढवली. दुसऱ्या दिवशी वहिनीने तिची पूजा केली — तांब्याभर पाण्याने धुतली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याला मोटार चालू करायला दादाने दोरी ओढली, तर दोरी हलेना. मिस्त्रीने खोलून पाहिलं. "आत पानी गेलंय. गंजून धरलीय."

पाणी गेलं कुठून? सगळे एकमेकांकडे बघत होते. आणि मी बोलले. अगदी शांतपणे, सभेत बोलते तशी — यंत्राला आंघोळ घातली की हेच व्हायचं. एका रात्रीत एवढा गंज चढतो का, हे कोणी विचारलं नाही. मी सांगितल्यावर कोण विचारणार?

"घाल आता तिला साडीचोळी," दादा वहिनीला म्हणाला. लोक हसले.

वहिनी एवढंच म्हणाली, "वन्सं म्हनत्यात तर तसंच आसंल."

त्यानंतर दादाने तिला दांडा धरू दिला नाही. तिनेही मागितला नाही. मोटार दुरुस्त झाली. नाव अजून धुक्यातून येते. वहिनी मधल्या फळीवर बायकांत बसते, हात मांडीवर ठेवून.

मी आता नगरला, सावेडीत राहते, बायकांच्या हक्कांवर लिहिते. वहिनी माझं लिहिलेलं वाचत नाही. हे मला ठाऊक आहे — आणि तरी हे मी तिच्या ओट्यावर बसून सांगितलं नाही, इथे लिहिलं.