नावेतली रिकामी जागा

पुण्याहून मामांच्या गावी निघताना आईने डबा दिला आणि एकच काम सांगितले: "दादा तुला काय म्हणून हाक मारतो, ते मला फोनवर सांग."

मणिपूरहून कराटे शिकवायला आलेल्या माणसाशी तिने लग्न केले, तेव्हापासून मामांनी संबंध तोडले होते. चेहरा मला वडिलांचा मिळाला, कराटेही त्यांचेच. त्यावरच सिनेमात पोट भरतो. बारा वर्षे मी परदेशी गुंडच होतो; मध्यंतरापर्यंत जगलो तरी नशीब.

गंगाखेडला रेल्वेतून उतरून सोनपेठची एसटी धरली. दोन्ही बाजूंना नुसता ऊस. शेजारचे आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "पिक्चरमधी तुमी लय मार खाता बघा." तोच माझा धंदा, असे मी सांगितले. त्यांनी पिशवीतून मूठभर शेंगा काढून दिल्या, बहुधा दयेने.

मामींनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या पिठाची तिखट आमटी) वाढली. डोळ्यांतून पाणी आले. नायकाच्या ठोशांनी कधी आले नव्हते. मामी हसल्या. मामा मात्र "घ्या, पाहुणे" एवढेच बोलले. पाहुणे! आईला फोन करायचे मी टाळले.

सकाळी मामांनी शेत बघायला नेले. शेत गंगेपलीकडे (गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात). ते आधी नावेत बसले. मी चढलो, तसे ते उठले, चपला हातात घेतल्या आणि गुडघाभर पाण्यात उतरले. माझा चेहराच पडला. शेजारी बसणेही नको?

"बसा की अण्णा, जागा हाय," नावाडी त्यांना म्हणाला.

"मामा-भाच्यानं एका नावंत बसू न्हाई," मामा म्हणाले. "भाच्याला नीट ने. मी मागून येतो."

हा जुना समज आईने मला लहानपणी सांगितला होता. तो कधी मलाही लागू होईल, असे वाटले नव्हते. डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

मामा दुसऱ्या खेपेला आले. बांधावरची चिंच दाखवत म्हणाले, "तुझी आई हितूनच पडली होती."

परतीच्या एसटीतून आईला फोन केला. नावेतले सगळे सांगितले. मग तिने विचारले, दादाचे धोतर भिजले का. भिजले, मी म्हणालो.

सिनेमात मला नावेतून कितीदा तरी ढकलले आहे. माझ्या जिवाला धोका नको म्हणून कोणी नावेतून उतरले, ते मात्र पहिल्यांदाच.