आईनं नेटची छत्री धुतली

वडिलांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. तोवर कुणाच्या कार्याला जायचं नाही, असं आईनं ठरवलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं बारसं नांदेडला होतं, तरी ती लातूरला घरीच थांबली. बहिणीचा हट्ट एवढाच, की पाळणा आईनंच म्हणायचा, मोबाइलवरून का होईना.

"बघते नुसती. गाणार न्हाई," आई म्हणाली. वडील गेल्यापासून ती साधं गुणगुणलीही नव्हती.

आमची कॉलनी लातूरच्या अगदी कडेला आहे. तिथं मोबाइलवर बोलणं होतं, पण चित्र दिसण्याइतकं नेट येत नाही. म्हणून गच्चीवर एक छोटी छत्री बसवून घेतली आहे; ती लांबच्या टॉवरवरचं नेट पकडते.

मी शाळेतले माझे तास घेऊन नांदेडच्या बसमध्ये बसले. अहमदपूर सुटलं आणि बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. पाळणा सजला होता, बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. आईच्या चौकोनात मात्र नुसतं चक्र फिरत होतं.

मी आईला साधा फोन लावला. बसच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "आई, छत्रीला कुणी हात लावला का?"

"मीच लावला. लई धूळ बसली होती. लेकरू धुरकट दिसलं असतं. सकाळीच चांगली घासून, धुवून, पुसून घेतली."

शेजारच्या सीटवरची बाई पदरात तोंड घालून हसायला लागली. "आवो, मावशीनं नेटलाबी न्हाऊ घातलं!"

मलाही हसू आवरेना. 'बघते नुसती' म्हणणारी आई सकाळीच जिना चढून गच्चीवर गेली होती.

"घासताना ती हलली असणार. आता वर जा. पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला तोंड कर."

"माझं का छत्रीचं?"

"छत्रीचं गं!"

आमची शेजारीण काकू खाली घरात नेटच्या डब्यावरच्या दिव्याकडं बघत ओरडत होती, ते फोनमधून ऐकू येत होतं. "लाल हाय... आजून लालच... थोडं हिकडं... हाव, हाव, हिरवा झाला! सोडा आता, हात लावू नका!"

फोन ठेवून मी व्हिडिओवर परतले, तर आई चौकोनात उगवली. धापा टाकत होती, केस विस्कटलेले.

"आई, सगळ्या थांबल्यात," बहीण म्हणाली.

आईनं बाळाकडं बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिल्या ओळीला आवाज बसका होता, दुसरीला फाटला. तिसरीपासून मोकळा झाला. बसमध्ये शेजारच्या सीटवरची बाई मांडीवर ताल धरून होती. पुढच्या सीटवरचे आजोबा मागं वळून बसले. एक कडवं म्हणून आई थांबेल असं वाटलं होतं. ती पुढचं म्हणत गेली, कुणी न सांगता.

पाळणा संपला. नाव सांगायला आत्या बाळाच्या कानाशी वाकली, आणि बस डोंगरात शिरली. माझं नेट गेलं.

"काय ठिवलं नाव?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"कळलंच नाही."

"आता लोहा गाव आल्याबिगर रेंज न्हाई," कंडक्टर म्हणाला. "मलाबी सांगा बरं का, बाई."