जव्हारची मुक्कामी गाडी

माझे वडील जानू एसटीत ड्रायव्हर होते. भिवंडी डेपोत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. त्यातली पहिली सहा भिवंडी–जव्हार या मुक्कामी गाडीवर गेली. दुपारी निघायचं, अंबाडी, वाडा, विक्रमगड करत घाट चढायचा, दिवेलागणीला जव्हारला पोचायचं, रात्री तिथंच झोपायचं आणि सकाळी गाडी परत आणायची.

त्यानंतर त्यांनी किती तरी रूट केले, पण दिघाशीच्या आमच्या घरात गोष्टी निघायच्या त्या जव्हारच्याच. मे महिन्यातसुद्धा तिथं गोधडी लागते. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी कशी असते, तर तव्यावरून उतरताना तिला मातीसारखा वास येतो. तिथल्या शाळेतले एक गुरुजी त्यांच्या गाडीने नेहमी जायचे. त्यांनी बाबांना सांगितलं होतं की हे सगळे डोंगर कधीकाळी जमिनीतून उकळत वर आले, वाहत गेले आणि थरांवर थर थिजून त्यांचा काळा दगड झाला. बाबा आम्हा पोरांना हे असं सांगायचे, जणू त्या वेळी ते स्वतः तिथं ड्युटीवर होते.

पण आम्हाला कधी नेलं मात्र नाही. आई दर उन्हाळ्यात म्हणायची, "अवो, एकदा दाखवा तरी तुमचं जव्हार." बाबा म्हणायचे, "बघू." तो विषय तिथंच संपायचा.

२००७ साली मी वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होतो. नुकतीच एक जुनी इंडिका घेतली होती. बाबा रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी म्हटलं, "चला जव्हारला."

"न्हाय रे. घाट खराब हाय," बाबा म्हणाले.

आईने भाजी-भाकरी बांधली आणि गाडीत जाऊन बसली. मग त्यांचा इलाज राहिला नाही.

रस्ताभर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. विक्रमगड सोडल्यावर घाट लागला तसे ते खुलले. या वळणावर गाडी तापायची, इथं उतरून झऱ्याचं पाणी रेडिएटरमध्ये घालायचो, हा कडा बघ, भाकऱ्यांची चवड लावल्यासारखा आहे ना? आई मागून "हो, हो" करत होती. सपाटी आली, वारा गार झाला. जव्हारची पहिली घरं दिसली आणि बाबांनी एकदम डॅशबोर्डवर हात ठेवला.

"सुमित, गाडी बाजूला घे," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच ऐकलं.

स्टँडमागे मैनाबाईची खानावळ होती. बाबा आणि कंडक्टर दौलत रोज तिथंच जेवायचे. १९८३ च्या श्रावणात ते एके संध्याकाळी पोचले तर खानावळीत रडारड चाललेली. मैनाबाईच्या सहा वर्षांच्या मुलीला, कमळाला, सरपणात साप चावला होता. डॉक्टरांनी जमेल ते केलं होतं आणि नाशिकला न्यायला सांगितलं होतं. पण दवाखान्याची गाडी एका बाळंतिणीला घेऊन आधीच गेलेली. बाबांनी दौलतकडे पाहिलं. दौलत म्हणाला, "नोकरी जाईल, जानू." आणि त्यानेच गाडीचं दार उघडून पोरीला आत घेतलं.

रिकामी एसटी मोखाड्यावरून नाशिकला गेली. पोरगी इस्पितळात दाखल झाली, मैनाबाई तिच्यापाशी थांबली. सकाळची फेरी चुकू नये म्हणून बाबा तसेच परत फिरले. फेरी चुकली नाही, पण विनापरवाना गाडी नेल्याबद्दल तीन महिने सस्पेंड झाले. नियम तो नियम. नंतर रूटही बदलला.

"आणि ती पोर?" आईने विचारलं.

"म्हाईत न्हाय. विचारायची हिंमतच झाली न्हाय. गेली असं कुणी सांगितलं असतं तर..."

आई मागच्या सीटवरून पुढे वाकली. मग म्हणाली, "त्या तीन महिन्यांत तुम्ही पाठ धरलीय असं सांगून घरी होतात. मी रोज तेल लावून रगडली तुमची पाठ!"

"बरं वाटायचं," बाबा म्हणाले. आम्ही तिघंही हसलो आणि गाडी पुढे निघाली.

खानावळीच्या जागी आता मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. दुकानदाराने मागच्या गल्लीतलं घर दाखवलं. ओट्यावर एक म्हातारी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिने बाबांकडे नीट निरखून पाहिलं आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"जानू डायवर?"

बाबांनी मान हलवली.

"माझ्यामुळं तुझी नोकरी गेली म्हनत व्हते सगले. कंच्या तोंडानं भिवंडीला येऊ? दर नव्या डायवरला इचारावं वाटायचं, पन तो काय सांगंल म्हनून भ्यायची."

"नोकरी न्हाय गेली, मैनाबाय," बाबा कसंबसं म्हणाले. "कमळा?"

"कमळा? दोन पोरांची आय हाय ती! वाड्याला दिलीय."

बाबा ओट्याच्या कडेला बसले. वाडा! इतकी वर्षं आमच्या घराजवळच्या अंबाडीहून त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पाटीवर ते नाव होतं.

मैनाबाईच्या नातवाने मोबाइल लावून दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून कमळा म्हणाली, "काका, खरं सांगू? मला तुमचा चेहरा आठवत नाही. बसमधले दिवे आठवतात. एवढ्या मोठ्या गाडीत मी एकटीच आडवी झोपले होते आणि कुणी तरी सारखं म्हणत होतं, डोळे मिटू नको."

"तो दौलत," बाबा म्हणाले. "माझं लक्ष रस्त्यावर व्हतं."

दौलतकाका दोन वर्षांपूर्वीच वारले होते. पोर वाचली हे दौलतला कळायला हवं होतं, असं बाबा परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाले.

त्या दिवाळीत कमळा पोरांना घेऊन दिघाशीला आली. तिच्या डाव्या पायाला थोडा बाक राहिला आहे, पण चालते झपझप. दुसऱ्या दिवशी बाबा सगळ्यांना वज्रेश्वरीला, गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले. पोरं पाण्यात पाय घालायची, ओरडून बाहेर काढायची, पुन्हा घालायची. धाकट्याने विचारलं, "आजोबा, हे पाणी कोण तापवतं?"

बाबा धोतर सावरून पायरीवर बसले आणि त्यांनी गुरुजींची ती उकळत्या डोंगरांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.