शालिकरामभाऊची जीभ

शालिकरामभाऊ म्हणजे मूर्तिजापुरातला सगळ्यात भांडखोर नळवाला. घरमालकानं हौसेनं चकचकीत तोटी आणली की हा ती दोन बोटांत धरून उलटसुलट बघणार आणि परत त्याच्याच हातावर ठेवणार. "हे खेळणं नातवाले द्या. मले तोटी आणून द्या." गिझर दुरुस्त करायला गेला तर आधी गिझर बसवणाऱ्याचा उद्धार, मग घरमालकाचा, आणि मग स्क्रू. तरी लोक त्यालाच बोलवायचे. शिव्या खायचे, चहा पाजायचे आणि पुढच्या वेळेला पुन्हा त्यालाच बोलवायचे. कारण एकच, त्याची जीभ. बोलायची नव्हे हो, ती तर सहन करायचीच गोष्ट होती. चाखायची!

आता नळाच्या कामात जिभेचं काय काम, असं पुण्याबिण्याचा माणूस विचारीलच. त्यानं आधी इकडं येऊन बोअरच्या पाण्याचा एक कप चहा प्यावा. तो फाटका चहा नरड्याखाली उतरला तर मग पुढचं बोलू. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा खारपाणपट्टा आहे. वर काळीभोर जमीन आणि खाली खारट पाणी. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, धुण्याच्या साबणाला फेस येत नाही, आणि गिझरमध्ये ते पाणी गेलं तर वर्षाच्या आत कॉइलवर पांढऱ्या क्षाराचा जाड थर बसतो. म्हणून इथल्या घरात दोन लाइनी असतात. धरणाचं गोडं पाणी स्वयंपाकघराला आणि गिझरला, बोअरचं खारं पाणी संडासाला आणि धुण्याला. गच्चीवर दोन टाक्या, भिंतीतून दोन नळ्या. या दोघींची कुठं गाठ पडली की घरातल्या बाईच्या डोळ्याला पाणी आलंच म्हणून समजा.

शालिकराम प्रत्येक जोड दिला की तोटी सोडायचा, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, गालात खेळवायचा आणि थुंकून म्हणायचा, "गोडं. चला पुढं." कधी कधी तर नुसतं चाखून सांगायचा, "याच्यात बोअरचं मिसळून राहिलं. वरचा वॉल्व्ह गळते तुमचा." वर जाऊन बघावं तर वॉल्व्ह खरंच गळत असे. त्याच्या हातून एका घरातही लाइन उलटी झाली नव्हती, आणि याचा त्याला भारी माज होता. असू दे की. माज करण्यासारखं दुसरं होतं काय त्याच्याजवळ?

ही जीभ त्याला गावानं दिली होती. दर्यापूरच्या वाटेवरचं त्याचं गाव. बाप पुंजाजी भाजीपाला पिकवायचा. गावात विहिरी पुष्कळ, पण गोडी विहीर एकच, पार शिवेला लागून. बायांची तिथं पहाटेपासून रांग. पाहुणा आला की त्याच्यापुढं तांब्या ठेवून आवर्जून सांगायचे, "गोडं हाय जी, घ्या." त्या एका वाक्यात सगळा पाहुणचार आला. पोरांचा खेळसुद्धा पाण्याचाच. डोळ्याला दुपट्टा बांधायचा, करवंटीतून घोट घोट पाणी पाजायचं आणि विहीर ओळखायची. शाल्या कधी हरलाच नाही. पुंजाजी मेथीचा वाफा टाकायच्या आधी त्याला विहिरीवर न्यायचा, पाणी पाजायचा आणि विचारायचा, "काय म्हंतं रे पोट्ट्या, मेथी येईन का?" पोरगं नाही म्हणालं तर पुंजाजी तिथं मेथी टाकत नसे. एवढा मान आजकाल थोरामोठ्यांनाही मिळत नाही.

मग मूर्तिजापुरात एका मिस्त्रीच्या हाताखाली तो नळाचं काम शिकला. तेव्हा लोखंडी नळ्या होत्या, आट्यांवर सफेदा लावायचा, वरून सुतळी गुंडाळायची आणि दोन्ही हातांनी पाना आवळायचा. खेड्यातलं काम निघालं की शकुंतला या छोट्या आगगाडीच्या खिडक्यांच्या गजांना बाहेरून नळ्या बांधायच्या आणि आपण आत बसायचं. प्रत्येक वळणाला नळ्या खणखण वाजायच्या, टोपल्या घेऊन बसलेल्या माळणी कावायच्या, आणि हा त्यांच्याशी स्टेशन येईपर्यंत भांडायचा. गाडी बंद पडून आता कितीतरी वर्षं झाली. प्लॅस्टिकच्या नळ्या मोटारसायकलवर मावतात. भांडायला मात्र कोणी मिळत नाही, असं तो खरोखर हळहळून सांगायचा.

धरणाचं पाणी गावात आलं त्या दिवशी पहिली तोटी शालिकरामनंच सोडली होती. सगळं गाव जमलं होतं. पुंजाजीनं तांब्या तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं. "याले तं चवच नाही रे बाप्पा!" जन्मभर खारं प्यालेला माणूस तो. पुढं मरेपर्यंत पुंजाजी त्या गोड्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्याला, आणि गावानं त्याची मनमुराद टर उडवली. शालिकरामही तेव्हा पोट धरून हसला होता.

आता बापाची आठवण झाली की त्याला हसू येत नसे. करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी त्याला ताप आला. तापातून उठला, अंगात ताकद आली, कामावर गेला. एका मोरीत तोटी सोडली, पाणी तोंडात घेतलं, आणि काहीच नाही. त्याला वाटलं, गोडं असेल. दुसरी तोटी सोडली, तर तेही तसंच. खारं नाही, गोडं नाही, नुसतं ओलं. तिथंच तो पालथ्या बादलीवर मटकन बसला. आज येईल, उद्या येईल म्हणत तीन वर्षं गेली, चव काही परत आली नाही.

त्यानं कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. घरी बायकोला, मैनाबाईलाही नाही. ज्याला जिभेसाठी बोलावतात त्याची जीभ गेली, हे कळलं तर दारात कोण उभं करेल? त्यानं खिशात धुण्याच्या साबणाचा एक तुकडा ठेवायला सुरुवात केली. गोड्या पाण्यात त्याचा फेस होतो, खाऱ्यात त्याचं दही होतं. गुपचूप हात धुवायचे, काय ते ओळखायचं, मग लोकांपुढं ओंजळ तोंडाला लावायची, गालात खेळवायची आणि थुंकून म्हणायचं, "गोडं. चला पुढं." नाटक अगदी बेमालूम चाललं होतं. फक्त दुपारी डबा खाताना तो डोळे मिटून बसायचा आणि एकेक विहीर आठवायचा. शिवेवरची, मारुतीजवळची, पाटलाच्या मळ्यातली. आठवणीत अजून सगळ्यांची चव जागच्या जागी होती. कधी कधी त्याला तिथंच रडू यायचं.

मग निघालं किशोरचं घर. किशोरचं बाजारात फुलांचं दुकान, माणूस हौशी, नवं घर बांधलं. शालिकराम टाक्या जोडायला गेला तेव्हा वास्तुपूजन उद्यावर आलेलं. गोपाल गवंड्यानं गच्चीवर ओटा बांधून दोन टाक्या बसवलेल्या, खालून येणाऱ्या नळ्या भिंतीत गाडून वरून प्लास्टर केलेलं. टाक्या दोन्ही काळ्या आणि एकाच मापाच्या. दोन्ही भरलेल्या. कुठली कशानं भरली, हे वरून बघून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. बोअरची मोटर लावली असती तर लगेच कळलं असतं, पण लाइट सकाळपासून गेलेली.

शालिकरामनं खिशात हात घातला. साबण नाही! मैनाबाईनं ती पँट आदल्या दिवशी धुतली होती आणि खिशातला साबण त्याच धुण्याला लावून मोकळी झाली होती. खाली नव्या बेसिनवर हात धुवायची एक रंगीत बाटली होती, ती घेऊन तो वर आला. एका टाकीचं पाणी घेतलं, फेस आला. दुसरीचं घेतलं, त्यालाही फेस आला. बाटलीतला साबण नव्या जमान्याचा, त्याला खारं काय आणि गोडं काय, सगळं सारखंच. डावीकडच्या पाण्यात फेस जरा जास्त वाटला. जिन्यात किशोर उभाच होता. "किशोरभाऊ, जरा चाखून पाहा तं," एवढंच म्हणायचं होतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना. त्यानं डावी टाकी स्वयंपाकघराला जोडली.

दुसऱ्या दिवशी मांडवात माणसं जमली. पिण्यासाठी विकतच्या पाण्याचे जार होते, त्यामुळं नळाचं पाणी कोणी तोंडात घेतलंच नाही. आचाऱ्यानं मात्र वरणासाठी डाळ नळाच्या पाण्यात घातली होती. पूजा झाली, आरती झाली, डाळ तशीच. त्यात सोडा टाकला, जाळ वाढवला.

"भाऊ, ही डाळ हाय का गारगोट्या?" आचारी किशोरला म्हणाला. "पाणी खारं हाय तुमचं."

"खारं कसं राहीन? शालिकरामभाऊनं जोडलं."

आचाऱ्यानं नळाचा पेला भरून त्याच्या हातात दिला. किशोरनं घोट घेतला आणि तिथंच थुंकला. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि कोपऱ्यात पत्रावळ्या मांडणाऱ्या गोपाल गवंड्यावर धावून गेला. "तूच वरच्या नळ्या उलट्या घातल्या! माह्या वास्तूच्या दिवशी! गावात कोणी उभं करणार नाही तुले, पाहून घे!"

"मीनं तं सांगतल्या तशाच घातल्या जी," गोपाल कसाबसा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याचं कोण ऐकतं!

"शालिकरामभाऊ, तुमीच सांगा याले. तुमी चाखूनच जोडलं ना?"

सगळा मांडव शालिकरामकडं बघत होता. 'हो' म्हटलं असतं तर मिटलं असतं. नाव राहिलं असतं, काम राहिलं असतं, आणि गोपाल कामावाचून मेला असता. शालिकरामनं डोक्याचा पंचा काढला आणि हातात घेतला.

"गोपालची चुकी नाही," तो म्हणाला. "माही हाय. मले चव समजत नाही. साथीत गेली जीभ. काल तुमाले चाखाले सांगतलं असतं तं झालं असतं. नाही सांगतलं. लाज वाटली मले."

एकदोघे हसले. त्यांना वाटलं, भाऊ नेहमीसारखी गंमत करून राहिला. मग त्याचा चेहरा दिसला आणि त्यांचं हसू विरलं. पुऱ्या लाटणाऱ्या बायांमध्ये मैनाबाई बसली होती. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. शालिकरामनं तिच्याकडं न बघता पाना उचलला आणि जिना चढून गच्चीवर गेला.

नळी कापून होते न होते तोच मैनाबाई धापा टाकत वर आली. तिनं दोन्ही टाक्यांची झाकणं उघडली, एकेक ओंजळ तोंडात घेतली आणि उजवीवर हात ठेवला. "हे गोडं."

त्यानं उजवी टाकी स्वयंपाकघराला जोडली, जोडावर चिकटवायचं औषध लावलं आणि ते वाळेपर्यंत नळी धरून बसला. मैनाबाई समोर उभी. तिला रडायचं होतं की भांडायचं होतं, तिचं तिलाच ठरवता येईना.

"मले काऊन नाही सांगतलं जी?"

"काय सांगू?"

"लग्न झालं तवापासून माह्या भाजीले नावं ठेवली तुमी. आज खारट, उद्या आळणी. अन् हे तीन वर्सं एक शबद नाही! रोज 'चांगली झाली, चांगली झाली.' मी अख्ख्या गल्लीत सांगत फिरली, का माणूस सुधरला म्हणून." तिचा आवाज चिरकला. "सोमवारी वांग्याच्या भाजीत मीठच टाकलं नव्हतं मी. भुलली होती. पहिल्या घासाले समजलं मले. अन् तुमी दोनदा मांगून खाल्ली. मी मोरीत जाऊन रडली जी. मले वाटलं, म्हातारपणी का होईना, माया आली या माणसाले."

शालिकरामनं नळीवरचा हात काढला नाही. खाली मांडवात सगळे त्याच्याविषयीच बोलत असणार, ते त्याला इथूनही कळत होतं.

"मायाच होती ना वं," तो म्हणाला. "चव नसली तं कोणता माणूस दोनदा मांगते?"

मैनाबाईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मग तिनं कठड्यावरून वाकून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं आचाऱ्याला सांगितलं, "भाऊ, नवी डाळ टाका! पाणी गोडं हाय. मी चाखलं."